पोहते आहे, मग वजनं कशाला?

वाचकाचं पत्र : ताई, मी ४३ वर्षांची, सांगलीत एका बँकेत काम करते. लहानपणी बाबांनी पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकवलं. मग वीस वर्षं पाण्याशी संबंध नाही. दोन वर्षांपासून पुन्हा तलावावर जाते, आठवड्यातून चार दिवस, दीड किलोमीटर. येत्या डिसेंबरात मालवणला चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत दोन किलोमीटर पोहायचं मनात घेतलंय. त्यासाठी मे महिन्यात अंतर वाढवलं, हाताला पॅडल (पंजाला बांधायच्या प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या) लावून सराव सुरू केला आणि महिन्याभरात उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागला. पोहून आल्यावर दुखतो, रात्री नाही. तलावावरच्या मैत्रिणी म्हणाल्या, जिमला जा. तिथल्या मुलाने बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन वर ढकलणं), डोक्यावर डंबेल ढकलणं आणि मानेमागे बार ओढणं दिलं, त्याने दुखणं वाढलं. घरी हे म्हणतात, पोहणं म्हणजे सगळ्या अंगाचा व्यायाम, मग वजनं कशाला? मला भीती अशी की स्नायू वाढून अंग जड झालं तर पाण्यात खाली जाईन, लवचीकपणाही जाईल. आणखी एक. मागच्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हाडांची धास्ती आहे. काय करू?

उत्तर :

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पोहताना मानेपासून घोट्यापर्यंत सगळं अंग कामाला लागतं, दम वाढतो, सांध्यांना हादरे बसत नाहीत. पण तुमचं वजन तुम्हाला पेलावं लागत नाही, ते पाणीच पेलतं. छातीभर पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पायांवर वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. आडवं होऊन पोहायला लागलं की तोही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाण्यात बरं वाटतं ते यामुळेच, आणि पोहून हाडं फारशी बळकट होत नाहीत तेही यामुळेच. हाडावर भार आला, त्याला ओढ बसली, तरच ते घट्ट होतं. पोहणाऱ्या खेळाडूंची हाडं उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या खेळाडूंच्या मानाने विरळ असतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसून आलंय. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या आगेमागे हाडांची झीज वाढते. तुम्ही ४३ च्या आहात आणि आईंचं उदाहरण घरात आहे. तुमची धास्ती अगदी योग्य वेळी जागी झाली आहे.

म्हणजे वजनं उचलायचीच, पण कशासाठी ते आधी ठरवू. पाण्यात हात जे काम करतात तेच जमिनीवर आणखी जोर लावून करण्यात तुमचा फायदा नाही. पाणी जे काम तुमच्याकडून करून घेत नाही, ते जमिनीवर करायचंय. जिममधल्या त्या मुलाने नेमकं उलट दिलं. त्याला बोल लावत नाही, तो सगळ्यांना देतो ते त्याने तुम्हालाही दिलं.

खांद्याचा हिशोब मांडून बघा. दीड किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात ६० फेऱ्या. एका फेरीला तुमच्यासारख्या पोहणाऱ्या बाईला साधारण २२ हात मारावे लागतात. झाले १,३२० हात, म्हणजे एका खांद्याच्या वाट्याला ६६०. आठवड्याचे चार दिवस धरले तर २,६४०. वर्षाला हा आकडा लाखाच्या पुढे जातो. आणि यातला प्रत्येक हात एकाच पद्धतीने ओढला जातो : छातीचे स्नायू आणि पाठीचा तो रुंद पंख्यासारखा स्नायू मिळून दंड खाली खेचतात आणि आतल्या बाजूला वळवतात. ते बळकट होत जातात. खांद्याच्या मागचे छोटे स्नायू, जे दंड बाहेर वळवतात, आणि खवाटा (आपण ज्याला फरा म्हणतो ते त्रिकोणी हाड) जागेवर धरून ठेवणारे स्नायू, यांना त्या मानाने काम कमी. हळूहळू पुढची बाजू ताणून घेते, मागची ढिली पडते. त्यात तुमची नोकरी बँकेतली, दिवसभर खांदे पुढे काढून कीबोर्डवर.

आज घरी आरशासमोर हात सैल सोडून उभ्या राहा. पंजे कुठे बघतात ते पाहा. अंगठे समोर असतील तर ठीक. पण हाताची पाठ समोर दिसत असेल, तर खांदे आत वळलेत असं समजा.

अशा खांद्यावर मे महिन्यात तुम्ही दोन ओझी एकदम टाकलीत. अंतर वाढवलंत आणि पॅडल लावलंत. पॅडल म्हणजे हाताचा पंजा मोठा करणं. पाणी जास्त धरलं जातं, पण तो जास्तीचा भार झेलायचा कुणी? त्याच खांद्याने. मीही कॉलेजात असताना हेच भोगलंय. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आधी आमच्या त्या वेळच्या प्रशिक्षकांनी सगळ्यांच्या हाताला पॅडल चढवली. खांदा कुरकुरतोय असं सांगितलं, तर ‘अजून हात मार, सुटेल’ असं उत्तर मिळालं. सुटलं नाही. आठ महिने मला वेणी घालता येत नव्हती, आई घालून द्यायची. तेव्हापासून तलावावर कुणी खांदा चोळताना दिसलं की मी स्वतः जाऊन विचारते.

रात्री दुखत नाही हे तुम्ही लिहिलंत, ते फार बरं केलंत. तरीही एकदा हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना खांदा दाखवून घ्या. आणि रात्री त्या कुशीवर झोपवेनासं झालं, हात वर करताना ताकदच लागेना, बोटांना मुंग्या यायला लागल्या, यातलं काहीही झालं तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि आधी तिथे जा.

पहिले चार आठवडे पॅडल कपाटात. पोहणं बंद करू नका, पण अंतर निम्म्यावर आणा. हात पाण्यात पडताना नाकासमोरची रेघ ओलांडून पलीकडे जातोय का, हे कुणाला तरी काठावरून बघायला सांगा. तो खांद्याच्या सरळ रेषेत पडायला हवा. अंगठा आधी घुसत असेल तर तेही सोडा, बोटांची टोकं आधी जाऊ द्या. श्वास फक्त एकाच बाजूला घेत असाल तर दुसरी बाजू शिकायला हाच काळ चांगला. नुसते पाय मारायचे असतील तेव्हा किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) पुढे धरू नका. हात डोक्यापुढे ताणून बोर्डावर दाबले की दुखरा खांदा नेमका चिमटतो. पाठीवर झोपा, हात मांड्यांशी, आणि पाय मारा.

आता जमिनीवरचं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा, प्रत्येक वेळी पस्तीस-चाळीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते, म्हणजे हे पोहणाऱ्यांचं वेगळं खूळ नव्हे. जमलं तर पोहायची सुट्टी असलेल्या दिवशी करा. एकाच दिवशी दोन्ही आलं तर आधी पोहा, मग वजनं. थकलेल्या खांद्याने पाण्यात उतरलं की हात वाकडे पडतात.

सगळ्यात आधी रबरी पट्टा. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो, सगळ्यात हलका घ्या. दाराच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधा. दाराकडे डावा खांदा करून उभ्या राहा, पट्ट्याचं टोक उजव्या हातात. आता एक छोटा नॅपकिन गुंडाळून उजवं कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये धरा. कोपर काटकोनात, पंजा पोटासमोर. आणि दार उघडावं तसा फक्त पुढचा हात बाहेर उघडा, कोपर जागचं हलू न देता. नॅपकिन पडला तर समजा की काम दंडाने आणि पाठीने केलं, त्या छोट्या स्नायूंनी नाही. दोन आकडे मोजत बाहेर, चार आकडे मोजत परत. परत येतानाचा सावकाशपणा महत्त्वाचा, कारण पाण्यात हाताला लगाम घालायचं काम याच स्नायूंना करावं लागतं. पंधरा वेळा, दोन सेट, दोन्ही हातांनी. दहाव्या-बाराव्या वेळेला खांद्याच्या मागे, फऱ्यावर, एक गरम ठिपका जाणवेल. तो आला की बरोबर चाललंय. दुखणं पुढच्या बाजूला जाणवलं तर थांबा, पट्टा आणखी ढिला करा.

दुसरा व्यायाम ओढण्याचा. पलंगावर डावा गुडघा आणि डावा हात टेकवा, पाठ सपाट, उजव्या हातात डंबेल घेऊन कोपर कमरेच्या दिशेने मागे न्या. डंबेल नसेल तर पाण्याच्या बाटल्या भरलेली कापडी पिशवी चालेल. फरा कण्याकडे सरकतोय असं वाटलं पाहिजे. मान आणि खांदा यांच्यामधला भाग कानाकडे चढला तर वजन जास्त झालं.

तिसरा ढकलण्याचा, पण बेंच प्रेस नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून तिरक्या उभ्या राहा आणि जोर काढा. वर आल्यावर थांबू नका. कोपरं सरळ ठेवून ओट्याला आणखी थोडं दूर ढकला, दोन्ही फऱ्यांच्या मधली पाठ किंचित फुगेपर्यंत. ते शेवटचं दोन इंचांचं ढकलणं म्हणजे या व्यायामाचा जीव. बरगड्यांवरून फऱ्याला धरून ठेवणारा स्नायू त्यानेच जागा होतो आणि पोहणाऱ्याला हात पुढे लांबवताना तोच लागतो. महिन्याभराने ओट्याऐवजी खुर्चीची बैठक, मग जमीन. आपल्या तालमीतले जोर पुढे जाऊन जरूर काढा, मुद्गलही फिरवा, खांदा मोकळा करायला ते उत्तम आहेत. पण आत्ता दुखऱ्या खांद्याने नाही.

जिममध्ये जाणार असाल तर बार ओढायचं यंत्र वापरा, पण बार नेहमी छातीसमोर येऊ दे. मानेमागे कधीही नको. डोक्यावर वजन ढकलणं खांदा शांत होईपर्यंत बंद.

पायांकडे पोहणारे हमखास दुर्लक्ष करतात. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा जोर बहुतांशी हातांचाच असतो, म्हणून वाटतं पायांना काय करायचंय. पण तुमच्या ६० फेऱ्यांमध्ये ५९ वेळा तुम्ही भिंतीला लाथ मारून निघता, ती मांड्यांची ताकद. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं. ती पूर्ण शर्यत २५ सेकंदांच्या आत संपते. एवढ्या कमी वेळाच्या शर्यतीत सूर मारतानाची लाथ किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या दोन किलोमीटरात समुद्रात भिंतही नाही आणि सूरही नाही, हे मान्य. तरी पाय हवेतच, एक तर हाडांसाठी, आणि दुसरं म्हणजे लाटांमधून धडपडत काठावर येताना. तासभर आडवं राहिलेलं शरीर एकदम उभं राहतं, पायाखाली वाळू सरकते, तेव्हा पाय लटपटतात. तिथे पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून बैठका. खुर्ची मागे ठेवा, तिला जेमतेम टेका आणि उठा. दहा सहज जमल्या की छातीशी वजन धरा. पाच किलो, मग आठ, मग दहा. आणि त्याच्या जोडीला कळशी उचलणं. भरलेली कळशी जमिनीवरून कशी उचलतात ते जुन्या बायकांना बघून आठवा. पाठ सरळ, कंबरेतून वाकणं, कळशी अंगाजवळ, आणि जोर मांड्यांच्या मागच्या बाजूने. जिममध्ये यालाच डेडलिफ्ट म्हणतात आणि नावाला घाबरून बायका ते टाळतात. नका टाळू. खुबा आणि पाठीचा कणा या दोन्ही ठिकाणच्या हाडांवर यातून भार येतो, जो पाणी कधीच देणार नाही. सुरुवात रिकाम्या बादलीने करा आणि वाकणं अंगवळणी पडलं की भरत जा. मोडलेल्या हाडाचा घरात इतिहास आहे, तेव्हा हाडांची घनता तपासायची का, हे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

पोटासाठी शंभर क्रंच नकोत. पाठीवर झोपा, हात आणि वाकवलेले पाय छताकडे, आणि उजवा हात डोक्यामागे नेताना डावा पाय सरळ करा. कंबर जमिनीला चिकटलेली राहू दे. मग उलट. पाण्यात नेमकं हेच करायचं असतं : हातपाय चालत असताना मधलं अंग फळीसारखं ठेवणं. ते वाकलं की पाय खाली बसतात आणि अख्खं शरीर पाणी ढकलत जातं. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट करायचा तर अडथळा चौपट. त्यामुळे तुमच्यासारख्या लांब पोहणाऱ्या बाईला जास्त जोराने ओढण्यापेक्षा शेवटच्या पाचशे मीटरपर्यंत अंग सरळ आणि कोपर वर टिकवून ठेवणं जास्त फळतं. ताकद तिथे कामाला येते.

वजन किती घ्यायचं? पट्टा सोडून बाकी सगळ्यांत आठ ते बारा वेळा करता येईल एवढं, आणि थांबताना वाटलं पाहिजे की अजून दोन निघाले असते. बारा सहज निघायला लागले की पुढचं वजन. दोन सेट पुरेत, सप्टेंबरपासून तीन करा. पहिल्या आठवड्यात अंग आंबेल, जिना उतरताना मांड्या ओरडतील. ते दोन-तीन दिवसांत जातं. आंबलेलं अंग आणि सांध्यात बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, यातला फरक ओळखायला शिका. पहिल्यात काम चालू ठेवायचं, दुसऱ्यात नाही.

आता जड होण्याची भीती. चाळिशीनंतर, आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलून, वर्षात एक किलो स्नायू वाढला तरी मी तुमची पाठ थोपटेन. त्या एक किलोचं पाण्यात किती ओझं होईल? स्नायू पाण्यापेक्षा थोडाच जड असतो, एक लिटर स्नायूचं वजन साधारण १.०६ किलो. म्हणजे एक किलो स्नायू जवळपास ९४० ग्रॅम पाणी बाजूला सारतो आणि तेवढा उचलला जातो. उरले ६० ग्रॅम, एका अंड्याएवढे. मालवणच्या खाऱ्या पाण्यात तर तेही निम्म्यावर येतं. एवढ्याने कुणी बुडत नाही. उलट तिशीनंतर काहीच केलं नाही तर स्नायू आपसूक कमी होत जातो, तुमची खरी काळजी ती असायला हवी. लवचीकपणाचंही तेच. सांधा पूर्ण उघडून, पूर्ण मिटून व्यायाम केला तर लवचीकपणा टिकतो, बऱ्याचदा वाढतो. अर्धवट हालचालीत भलतं वजन उचलणाऱ्यांचं अंग आखडतं.

खाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण चार दिवस पोहून आणि दोन दिवस वजनं उचलून घरी येऊन चहा-खारीवर अकरा वाजेपर्यंत काढणाऱ्या बायका मी तलावावर रोज पाहते. स्नायू चहावर बांधला जात नाही. व्यायामानंतर तासाभरात दोन अंडी, किंवा वाटीभर मटकीची उसळ आणि ताक, किंवा पनीर, काहीतरी प्रथिनांचं पोटात जाऊ द्या. दोन्ही जेवणांत आमटी पातळ पाण्यासारखी नको, घट्ट वरण हवं.

आज जुलैचा पहिला आठवडा. डिसेंबरपर्यंत हातात वीस-बावीस आठवडे आहेत, भरपूर. ऑगस्टमध्ये खांदा गप्प असेल तर अंतर दर आठवड्याला शंभर-दीडशे मीटरने वाढवा, एकदम नको. स्पर्धेच्या आदल्या दहा दिवसांत वजनं निम्मी करा, आणि शेवटचे चार दिवस फक्त रबरी पट्टा. तो मालवणला जाताना पिशवीत टाका. पाण्यात उतरण्याआधी वाळूवर उभं राहून दहा-पंधरा वेळा ओढला की खांदे जागे होतात. कडीऐवजी मैत्रिणीच्या हातात टोक द्या.

आणि आई. त्या आता चालत असतील तर त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारा, खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम त्यांना चालेल का म्हणून. बहुतेक हो म्हणतील. खुर्ची भिंतीला टेकवा, समोर ओटा किंवा टेबल धरायला असू द्या, आणि तुम्ही बैठका काढाल तेव्हा त्यांना शेजारी बसवा. पहिल्या दिवशी हाताच्या आधाराने तीन वेळा उठल्या तरी पुरे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली नसेल, तर ती मात्र या रविवारीच बसवून घ्या.